ब्रिटनमध्ये राहून फुटबॉलवर पैसे लावणं : नव्याने आलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सप्टेंबरला विद्यापीठं उघडली की दोन-तीन आठवड्यांत अनोळखी नंबरांवरून मेसेज यायला लागतात : "दादा, तुमचा नंबर अमक्याने दिला. बेटिंगबद्दल विचारायचं होतं." दोष माझाच. लेस्टरला शिकत असताना दोन वर्षं शनिवार-रविवार मी एका बेटिंग शॉपच्या काउंटरवर उभा होतो, आणि हे एकदा मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, बोलून गेलो. तेव्हापासून जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केले आहेत.

कोणती टीम जिंकणार हे मला कळत नाही. कळलं असतं तर आठ-आठ तास काउंटरवर उभा राहिलो नसतो. पण पैज लावताना आपण नेमकं काय विकत घेतोय, ते कितीला पडतंय आणि अटींत काय छापलंय, एवढं सांगता येतं. काउंटरवर येणारी निम्मी भांडणं त्यावरूनच व्हायची. उत्तरं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरती आहेत (उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा) आणि अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहेत.

१. हे इथे खरंच कायदेशीर आहे का? आपल्याकडे सट्टा म्हटलं की पोलीस येतात.

कायदेशीर आहे. रस्त्यावरची बेटिंग शॉप इथे १ मे १९६१ पासून उघडपणे चालतात, न्हाव्याच्या आणि चिप्सच्या दुकानांच्या शेजारी. आत्ताचा कायदा २००५ चा गॅम्बलिंग ॲक्ट. परवाने गॅम्बलिंग कमिशन देतं. वेबसाइटच्या अगदी तळाशी परवाना क्रमांक असतो. तो कमिशनच्या सार्वजनिक यादीत शोधून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. क्रमांक नसेल किंवा यादीत सापडत नसेल, तर जिंकलेले पैसे अडकल्यावर तक्रार करायला दारच उरत नाही. परवानाधारकाशी लावलेली पैज मात्र सप्टेंबर २००७ पासून कायद्याने वसूल करता येणारा करार मानली जाते.

२. सुट्टीत पुण्याला गेलो की तिथून इथलं अकाउंट चालवू का? किंवा घरी भावाला आयडी दिला तर?

दोन्ही नको. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. फॅन्टसी टीम लावून पैसे जिंकायची ॲपंही त्यातच बंद झाली. गोव्यात मांडवीत कॅसिनोच्या बोटी आहेत म्हणून तिथे फुटबॉलवर ऑनलाइन लावायला मोकळीक आहे, असं नाही.

आणि एक गंमत. भारतातून परदेशी पैसे पाठवायच्या नियमांत ज्या गोष्टींसाठी पैसे पाठवायला साफ मनाई आहे, त्या यादीत लॉटरीच्या तिकिटांबरोबर 'फुटबॉल पूल' हे शब्द चक्क छापलेले आहेत. म्हणजे बाबांनी फीसाठी पाठवलेल्या पैशांतून हे करणं सगळ्याच बाजूंनी वाईट. व्हीपीएन लावून भारतातून लॉगिन केलंत तर बुकीच्या अटी मोडतात, आणि जिंकल्यावर तो नेमकं तेच कारण दाखवून पैसे रोखतो. आयडी भावाला देण्याचं उत्तर प्रश्न १२ मध्ये आहे.

३. ५/२, ४/६, ईव्हन्स... हे भाव वाचायचे कसे?

डावीकडचा आकडा नफा, उजवीकडचा लावलेली रक्कम. ५/२ म्हणजे २ पाउंड लावले तर ५ पाउंड नफा, शिवाय आपले २ परत. १० लावले तर नफा २५, हातात ३५. ४/६ म्हणजे ६ लावा तेव्हा ४ मिळणार. १० लावले तर हातात १६.६७. 'ईव्हन्स' म्हणजे जेवढे लावले तेवढाच नफा. दुकानात ५/२ ला 'फाइव्ह टू टू' म्हणतात; पहिल्या दिवशी मी दोनदा विचारलं होतं.

ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन दशांश भाव चालू करा आणि हा त्रास संपवा. ५/२ चा होतो ३.५०, ४/६ चा १.६७, ईव्हन्सचा २.००. लावलेली रक्कम गुणिले भाव म्हणजे हातात येणारी एकूण रक्कम, मुद्दल धरून.

४. भाव कमी म्हणजे ती टीम जिंकणारच, असंच ना?

'जिंकणार' असं नाही, 'जिंकण्याची शक्यता जास्त आहे असं बाजाराला वाटतं'. किती जास्त, ते काढता येतं : १०० ला दशांश भावाने भागा. २.०० म्हणजे ५० टक्के, ३.५० म्हणजे साधारण २८.६ टक्के.

आता खरी मेख. समजा एका मॅचचे भाव आहेत : घरची टीम २.१०, ड्रॉ ३.४०, पाहुणी टीम ३.६०. तिन्हींचे टक्के काढा : ४७.६, २९.४ आणि २७.८. बेरीज १०४.८. मॅचचे निकाल तीनच, मग शक्यतांची बेरीज शंभरच हवी. वरचे ४.८ कुठून आले? ती बुकीची दलाली. तिन्ही निकालांवर याच प्रमाणात मिळून १०४.८ पाउंड लावले, तर काहीही झालं तरी हातात १०० येणार.

यात काट्यात मारलेलं माप वगैरे नाही, सगळं डोळ्यांसमोर लिहिलेलं असतं. फक्त बेरीज कोणी करत नाही. तुम्ही करा. एकाच मॅचचे भाव तीन बुकींकडे पाहा आणि बेरीज मांडा. मोठ्या मॅचच्या साध्या निकालावर ती १०३ ते १०६ च्या आसपास सापडते. 'पहिला गोल कोण करेल', 'नेमका स्कोअर काय' अशा रंगीत बाजारांत ती कितीतरी वर जाते. ॲप उघडल्याबरोबर आधी हेच बाजार समोर का येतात, ते यावरून कळेल.

५. सुरुवात कोणत्या पैजेपासून करावी?

ज्यांचा निकाल वाद न घालता कळतो अशा पैजांपासून. मॅच रिझल्ट म्हणजे तीन निकालांपैकी एक. 'ओव्हर २.५ गोल' म्हणजे तीन किंवा जास्त गोल; अर्धा गोल कोणी करत नाही, तो पैजेत बरोबरी होऊ नये म्हणून आहे. 'बोथ टीम्स टू स्कोअर' म्हणजे दोन्ही टीमचा किमान एकेक गोल. 'ड्रॉ नो बेट' म्हणजे ड्रॉ झाला तर पैसे परत, अर्थात भाव कमी.

मागच्या सीझनच्या सरासरीवर आंधळेपणाने जाऊ नका. प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ ला ३८० मॅचमध्ये १२४६ गोल झाले, मॅचमागे ३.२८, वीस टीमच्या लीगमधला तो विक्रम होता. ते आकडे बुकीलाही माहीत असतात आणि पुढच्या भावांत आधीच मुरलेले असतात.

६. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलला अर्जेंटिनावर लावले, अर्जेंटिना जिंकली, तरी पैसे गेले! ही फसवणूक नाही का?

नाही. हा मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, दर मोठ्या स्पर्धेनंतर नव्या टीमचं नाव घालून. 'मॅच रिझल्ट' ही पैज ९० मिनिटं अधिक इंज्युरी टाइम (मधे वाया गेलेल्या वेळेची भरपाई) एवढ्यापुरतीच असते. १८ डिसेंबर २०२२ ला ९० मिनिटं सरली तेव्हा स्कोअर २-२ होता. पैज तिथेच संपली, आणि जिंकला तो 'ड्रॉ'. पुढचा अर्धा तास, मेस्सीचा दुसरा गोल, एम्बापेचा तिसरा, शूटआउटमधले ४-२, यातलं काहीच त्या पैजेच्या हिशेबात धरलं जात नाही. एम्बापेच्या हॅट्ट्रिकवर लावलेल्यांचीही बहुतेक ठिकाणी तीच गत. त्याचा तिसरा गोल ११८ व्या मिनिटाचा.

'कप कोण उचलणार' असं म्हणायचं असेल तर 'टू लिफ्ट द ट्रॉफी' किंवा 'टू क्वालिफाय' हा वेगळा बाजार असतो. त्याचा भाव कमी असतो, कारण त्यात एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टीही धरतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा : इंज्युरी टाइम धरतात. १३ मे २०१२ ला मँचेस्टर सिटी ९० मिनिटं झाली तेव्हा १-२ ने मागे होती आणि ३-२ ने जिंकली. अग्वेरोचा गोल ९३ मिनिटं २० सेकंदांचा. ती पैज सिटीचीच.

७. पाच मॅच जोडून लावलं की १० चे ७५ होतात. मग एकेकट्या मॅचवर कशाला लावायचं?

याला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात, बोलीत 'अ‍ॅका'. शनिवारी दुपारी तीनच्या आधी आमच्या काउंटरवर दारापर्यंत जी रांग लागायची ती बहुतेक याचीच. पाच, सात, नऊ टीम, एक पाउंड, आणि घरी जाताना खिशात स्वप्न.

हिशेब असा. १.५० भावाच्या पाच टीम जोडल्या तर १.५० पाच वेळा गुणून ७.५९ होतात. १० चे ७५.९४. छान वाटतं. पण प्रश्न ४ मधली दलालीही पाच वेळा गुणली जाते. प्रत्येक भावात साधारण ५ टक्के असेल, तर १.५० वाल्या टीमची खरी शक्यता ६६.७ नव्हे, ६३.५ टक्के धरा. पाचही जिंकण्याची शक्यता मग १०.३ टक्के. दहातल्या एका वेळेला ७५.९४, उरलेल्या नऊ वेळा शून्य. म्हणजे दर १० पाउंडांमागे सरासरी ७.८४ परत. एका पैजेत ५ टक्क्यांना पडणारी गोष्ट जोडून घेतली की २२ टक्क्यांना पडते.

'एकाच टीमने घात केला' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते दुकानाच्या काचेवर छापायला हवं होतं. पाचातली एक हरणं हा अपवाद नाही, अशा पैजेचा नेहमीचा शेवटच तो आहे. मित्रांबरोबर मजा म्हणून पाउंडभर लावणं वेगळं, तो शनिवारचा चहा समजा.

८. 'कॅश आउट'चं बटण दिसतंय. दाबू का?

बुकी तुमची पैज तुमच्याकडून परत विकत घेतोय, आणि परत घेताना पुन्हा दलाली कापतोय. समजा १० पाउंड ५.०० भावाला लावले, टीम ८० व्या मिनिटाला पुढे आहे आणि चालू भाव १.२० आहे. जिंकलात तर ५० मिळणार. ५० भागिले १.२० म्हणजे ४१.६७, स्क्रीनवरचा आकडा यापेक्षा कमी दिसेल. फरक म्हणजे फी. भाड्याचे पैसे लावून बसला असाल तर दाबा, पण मग प्रश्न ९ आधी वाचायला हवा होता.

९. किती पैसे लावावेत? हरल्यावर दुप्पट केलं तर कधी ना कधी वसूल होतंच ना?

सिनेमा, बाहेरचं जेवण यांच्या रांगेत महिन्याची एक रक्कम ठरवा, गेली तरी घरी फोन करावा लागणार नाही अशी. ती ५० असेल तर एका पैजेला १ पाउंड. ॲपमध्ये डिपॉझिटची मर्यादा लावायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी लावा. मॅच चालू असताना मर्यादा कोणी लावत नाही.

दुप्पट करण्याचं गणित कागदावर करून पाहा. ५ पासून सुरुवात : ५, १०, २०, ४०, ८०, १६०. सहा वेळा हरलात की ३१५ गेले, आणि सातवी पैज ३२० ची. एकूण ६३५ पाउंड पणाला, कशासाठी? सुरुवातीच्या ५ पाउंडांच्या नफ्यासाठी. ओळीने सहा हरणं ही फार दुर्मिळ गोष्टही नाही.

१०. टेलिग्रामवर एक जण आहे, सलग तीन मॅच बरोबर सांगितल्या. चौथीचे पैसे मागतोय.

८०० लोकांची यादी घ्या. ४०० ना सांगा टीम अ, ४०० ना टीम ब. ज्यांना चुकीचं सांगितलं ते सोडा. उरलेल्या ४०० चे पुन्हा दोन भाग, मग २०० चे. तीन मॅचनंतर १०० माणसं अशी उरतात ज्यांच्या लेखी तुम्ही देवमाणूस आहात. तुम्ही त्या शंभरांतले आहात. बाकी सातशे जणांनी ग्रुप केव्हाच सोडलाय, म्हणून त्यांचं ओरडणं तुम्हाला ऐकू येत नाही.

'फिक्स मॅच' विकणाऱ्याची गोष्ट तर त्याहून सोपी : खरोखर फिक्स झालेली मॅच कोणी तीस पाउंडांना अनोळखी माणसाला विकत नाही. आणि फुकट टिप देणारे? त्यातल्या अनेकांचा बुकीशी करार असतो. त्यांच्या लिंकवरून आलेलं गिऱ्हाईक जेवढं हरेल त्यातला हिस्सा त्यांना मिळतो.

११. मॅच पाहता पाहता लावणं जास्त सोपं नाही का? समोर दिसतंय की सगळं.

तुम्हाला दिसतंय ते काही सेकंद जुनं आहे. स्ट्रीम मागे असते, आणि पैज स्वीकारतानाही बुकी काही सेकंद थांबतो. तेवढ्यात गोल झाला तर भाव बदलतो किंवा पैज नाकारली जाते. शिवाय शनिवारी दुपारी तीनच्या मॅच इथे टीव्हीवर दाखवतच नाहीत. तेव्हा तुम्ही आकडे हलताना पाहून लावत असता.

१२. अकाउंट उघडताना नाव जुळत नाही म्हणतंय. काय करू?

हा खास आपला प्रश्न. पासपोर्टावर नावापुढे वडिलांचं नाव असतं, बँकेत कधी असतं कधी नसतं, आणि आपण फॉर्ममध्ये फक्त पहिलं नाव टाकतो. मे २०१९ पासून वय आणि ओळख पटल्याशिवाय ऑनलाइन पैज लावू देता येत नाही. नाव पासपोर्टावर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट लिहा, आणि त्याच नावाचं डेबिट कार्ड द्या. क्रेडिट कार्डने लावायला १४ एप्रिल २०२० पासून बंदी आहे.

रूममेटच्या नावाने खाती, बायकोचं कार्ड, भावाला दिलेला पासवर्ड : यातलं काहीही निघालं की पैसे अडकतात. हरताना कोणी विचारत नाही, काढायला गेलात की कागद मागतात.

१३. फ्री बेटचे १० पाउंड म्हणजे फुकटचे १० पाउंड ना?

साधारण नाही. फ्री बेट जिंकली तर फक्त नफा मिळतो, ते १० परत येत नाहीत. ३.०० भावाला ३० नव्हे, २० मिळतात. किमान भाव, मुदत आणि कोणत्या पैजा चालतील, हे तीन मुद्दे वाचल्याशिवाय घेऊ नका.

१४. जिंकलेल्या पैशांवर कर भरायचा का? आणि व्हिसाला काही अडचण?

ब्रिटनमध्ये पैज लावणाऱ्याला कर नाही. पूर्वी ९ टक्के कापले जायचे, ते २००१ मध्ये बंद झालं. आता कर बुकी भरतो. भारतात मात्र त्या वर्षी तुम्ही 'रहिवासी' ठरलात तर जगभरातलं उत्पन्न मोजलं जातं. पहिल्या आणि शेवटच्या वर्षी दिवस मोजून सीएला विचारा.

व्हिसाच्या नियमांत पैजेला बंदी नाही. पण विद्यार्थी व्हिसासाठी खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि ती एका दिवसासाठी खाली गेली तरी अर्ज फसू शकतो. घराचं कर्ज काढताना बँक मागच्या काही महिन्यांचं स्टेटमेंट बघते. त्यात बुकीचं नाव रोज दिसलं तर प्रश्न विचारले जातात.

१५. मॅच पुढे ढकलली किंवा मधेच थांबली तर?

ढकलली आणि बुकीने ठरवलेल्या मुदतीत झाली नाही, तर पैसे परत. मुदत प्रत्येकाची वेगळी असते. अ‍ॅकामध्ये ती मॅच १.०० भावाची धरतात. पाचांची पैज चारांची होते.

मधेच थांबली तर जे आधीच ठरून गेलंय ते टिकतं, उरलेलं रद्द, असा सर्वसाधारण रिवाज. १६ डिसेंबर २०२३ ला बोर्नमथ-लुटन मॅच ५९ व्या मिनिटाला १-१ वर थांबली. लुटनचा कॅप्टन टॉम लॉकयरचं हृदय मैदानातच बंद पडलं होतं. सुदैवाने तो वाचला. मॅच १३ मार्च २०२४ ला शून्यापासून पुन्हा खेळली गेली आणि बोर्नमथ ०-३ वरून ४-३ ने जिंकली. पहिल्या दिवशीच्या मॅच रिझल्टच्या पैजा अशा वेळी रद्द होतात. 'दोन्ही टीमचा गोल' मात्र तेव्हाच ठरून गेला होता. अशा वेळी बुकीच्या अटींतलं 'अबँडंड' हे कलम उघडा. शब्दांत फरक असतो.

१६. माझ्या खेळाडूने सगळ्यात जास्त गोल केले, तरी निम्मेच पैसे आले.

दुसऱ्याने तेवढेच केले असतील. प्रीमियर लीगमध्ये २०२१-२२ ला सालाह आणि सॉन दोघांचे २३ गोल होते. गोल्डन बूट दोघांना मिळाला, पण पैजेत 'डेड हीट' लागतो : लावलेल्या रकमेचे दोन भाग, एक पूर्ण भावाने जिंकला, दुसरा गेला. ६.०० ला १२ पाउंड लावले असतील तर हातात ७२ ऐवजी ३६. २०१८-१९ ला सालाह, माने आणि ओबामेयांग तिघे २२ वर होते. तेव्हा हेच १२ पाउंड २४ झाले असते.

'पहिला गोल' या पैजेत ओन गोल (चुकून स्वतःच्याच जाळ्यात मारलेला) धरत नाहीत, पुढचा गोल पहिला मानतात. आणि खेळाडू मैदानात उतरलाच नाही तर सहसा पैसे परत.

१७. -०.७५ असा भाव दिसतो. पाऊण गोलाने जिंकायचं म्हणजे काय?

हा एशियन हँडिकॅप. पैजेच्या हिशेबात टीमच्या स्कोअरमधून तेवढे गोल वजा करतात. रक्कम दोन भागांत विभागली जाते : अर्धी -०.५ वर, अर्धी -१ वर. १.९० ला १० पाउंड लावले आणि टीम एका गोलाने जिंकली, तर पहिले ५ जिंकून ९.५० होतात, दुसरे ५ जसेच्या तसे परत. हातात १४.५०. दोन गोलांनी जिंकली तर पूर्ण १९, ड्रॉ झाला किंवा हरली तर सगळे गेले. दलाली यात बहुधा कमी असते, म्हणून मुरलेले लोक इथे दिसतात.

१८. लीगने नंतर पॉइंट कापले तर रेलिगेशनच्या (खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या) पैजेचं काय?

सीझन चालू असताना कापलेले पॉइंट धरतात, कारण हिशेब शेवटच्या दिवशीच्या तक्त्यावर होतो. २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे आधी १० कापले, अपिलात ते ६ झाले, मग आणखी २ गेले. टीम ४० पॉइंटांवर पंधरावी आली आणि वाचली. दर निर्णयाला भाव उसळत होते. सीझन संपल्यावर झालेली कारवाई मात्र जुन्या पैजा बदलत नाही.

१९. मी रविवारी स्थानिक टीममधून खेळतो / स्टेडियममध्ये पार्टटाइम काम करतो. मला चालेल?

इथे सांभाळून. पुरुषांच्या फुटबॉलच्या वरच्या आठ पायऱ्यांतल्या खेळाडूंना, प्रशिक्षकांना आणि क्लबच्या लोकांना जगात कुठल्याही फुटबॉलवर पैज लावायला एफएची (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची) मनाई आहे. त्याखालच्यांनी निदान आपल्या स्पर्धेवर लावू नये. क्लबच्या पगारपत्रकावर असाल तर तुम्ही त्यात येऊ शकता; एजन्सीमार्फत असाल तर लेखी विचारा. आयव्हन टोनीला २०२३ मध्ये २३२ नियमभंगांसाठी आठ महिने बाहेर बसावं लागलं.

नुसती बातमी देणंही गुन्ह्यात येतं. किरन ट्रिपियरला डिसेंबर २०२० मध्ये दहा आठवड्यांची बंदी आली, ती स्वतःच्या बदलीची आतली माहिती दुसऱ्यांना पुरवल्याबद्दल. तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये चहा देताना कानावर पडलेलं 'अमक्याचा गुडघा दुखतोय' ग्रुपवर टाकू नका.

२०. बुकी पैसे देत नाहीये. कोर्टात जायचं का?

आधी त्याच्याकडे लेखी तक्रार. आठ आठवड्यांत सुटली नाही किंवा त्याने अंतिम नकार दिला, तर त्याने नेमलेल्या स्वतंत्र लवादाकडे, जसं की आयबीएएस. गिऱ्हाइकाला फी नसते. पैज क्रमांक, वेळ आणि अटींचा स्क्रीनशॉट जोडा. प्रश्न ६ मधली तक्रार घेऊन मात्र जाऊ नका.

२१. दादा, माझा धाकटा भाऊ तिकडे शिकतोय. दर आठवड्याला 'भाडं द्यायचंय' म्हणून पैसे मागतो. ॲपचं नाव त्याच्या फोनवर दिसलं. काय करू, ताई म्हणून?

आधी भाडं थेट घरमालकाला भरा, त्याच्या हातात रोख नको. पण पैसे देऊन त्याचं देणं मिटवत राहिलात तर तो पुढचं लावायला मोकळा होतो, हे मी काउंटरवरून पाहिलंय. एक मुलगा मला रोज 'आज शेवटचं' म्हणायचा, आणि मी हसून स्लिप घ्यायचो. ते हसणं अजून टोचतं.

गॅमस्टॉपवर स्वतःची नोंद केली की परवाना असलेल्या सगळ्या वेबसाइट एकदम बंद होतात, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. नोंद त्यानेच करायची असते, तुम्ही त्याच्या वतीने करू शकत नाही; म्हणून शेजारी बसून, फोन किंवा व्हिडिओवर का होईना, त्याच्याकडून करून घ्या. दुकानांसाठी वेगळी नोंद लागते. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार रोखायचं बटण असतं. नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइन ०८०८ ८०२० १३३ फुकट आहे, चोवीस तास चालते, आणि घरच्या माणसांनीही तिथे बोलता येतं. आईबाबांना सांगायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न; मी सांगितलं असतं.

२२. लेस्टरसारखं पुन्हा होईल का? ५०००/१ ला पाउंड लावून ठेवू?

ऑगस्ट २०१५ मध्ये लेस्टर सिटी लीग जिंकेल याला ५०००/१ भाव होता. मी त्याच शहरात, त्याच काउंटरवर होतो आणि मला एक पाउंड लावायचं सुचलं नाही. २ मे २०१६ ला चेल्सी-टॉटनहॅम २-२ झाली आणि लेस्टर चॅम्पियन ठरली. त्या रात्री रस्त्यावर भोंग्यांनी झोप लागली नाही. त्यानंतर बुकी शहाणे झाले, तळातल्या टीमलाही तसे भाव सहजी मिळत नाहीत.

२३. दुकानातली स्लिप हरवली, आणि पैज जिंकली आहे!

घाबरू नका. आपण पेनने भरलेली मूळ स्लिप काउंटरवरच स्कॅन होऊन राहते, आपल्या हातात असते ती पावती. ज्या दुकानात लावली तिथेच जा आणि तारीख, साधारण वेळ, रक्कम आणि टीम सांगा. जेवढं नेमकं सांगाल तेवढं लवकर सापडतं. दुसरं कोणी पावती घेऊन आलंय का, ते तपासायला काही दिवस थांबवतात.

आमच्याकडे एकदा एक आजोबा जीन्सच्या खिशात धुऊन निघालेला कागदाचा गोळा घेऊन आले होते. गोळ्यावर एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्यांना सगळं तोंडपाठ होतं : शुक्रवारी, पावणेबारा वाजता, पाऊस होता, तीन टीम, पन्नास पेन्स. मॅनेजरने जुन्या स्लिपा काढल्या आणि दहा मिनिटांत त्यांच्याच तिरक्या अक्षरातली स्लिप सापडली. तीन पाउंड ऐंशी पेन्स मिळाले. तुम्ही पावती हातात पडताच फोटो काढून ठेवा.